जुन्या टपालाचे स्थलांतर

पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची रीत होती. रुमाल म्हणजे साधा चौकोनी कापडाचा तुकडा. कागद एकत्र राखणे व धुळीपासून जपणे एवढेच त्याचे काम. एका रुमालातील कागद सोडून दुसऱ्यात बांधले, तरी मजकुरात कान्यामात्रेचाही फरक पडत नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा मोडी लिपी, तारखांचा घोळ, कागदांची प्रचंड संख्या अशा नाना अडचणी त्यांच्यापुढे होत्या. परंतु रुमालाची गाठ सुटताच आतील अक्षरे पुसली जातील, ही चिंता करण्याचे त्यांना कारण नव्हते.

संगणकावर साठविलेल्या पत्रांच्या बाबतीत ही चिंता करणे भाग पडते. तेथे रुमालाचे काम फोल्डर करतो; पण हा रुमाल पत्रांसारखाच आकड्यांचा बनलेला असतो, आणि ई-मेलची प्रत्येक आज्ञावली तो आपापल्या पद्धतीने विणते. आज्ञावलीची नवी आवृत्ती आली, किंवा माणसाने एक आज्ञावली सोडून दुसरी धरली, की जुने रुमाल सोडून पत्रे नव्यांत बांधावी लागतात. हे काम यंत्र आपसूक उरकते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. यंत्र काम उरकते खरे. परंतु ते करताना जे गळून पडते त्याची वर्दी क्वचितच देते.

बंगळूरसारख्या शहरात हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवावा, हे स्वाभाविक आहे. देशातील बहुतेक शहरांच्या आधी तेथे संगणकीय टपाल पोहोचले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये तेथे आपले केंद्र काढले व ते उपग्रहाच्या द्वारे परदेशाशी जोडले. १९८६ मध्ये अर्नेट ह्या शैक्षणिक व संशोधन जालाचा प्रारंभ झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्या आठ ठिकाणांचे मिळून ते जाल होते. ह्या संस्थांतील संशोधकांना परदेशी सहकाऱ्यांशी टपालखात्याच्या पाकिटावाचून पत्रव्यवहार करता येऊ लागला. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि जे साधन प्रयोगशाळेत होते ते घराघरांत शिरू लागले. तात्पर्य, बंगळुरात अशी घरे व अशा प्रयोगशाळा पुष्कळ असणार, की जेथील पत्रव्यवहार तीस वर्षांच्या घरात गेला आहे.

अशा एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो १९९६ मध्ये सांगलीहून बंगळुरास नोकरीला आला. प्रारंभी तो काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दाखविणारी पाइन ही आज्ञावली वापरीत असे. स्वतःचा संगणक घेतल्यावर यूडोरा आली, नंतर विंडोजबरोबर मिळणारी आउटलुक एक्सप्रेस, कचेरीत आउटलुक, आणि सरतेशेवटी थंडरबर्ड. दर तीनचार वर्षांनी संगणक बदलला, जुनी फोल्डरे नव्यावर आली. त्यांत वडिलांनी निवृत्तीनंतर सायबर कॅफेत बसून, एकेक कळ शोधीत लिहिलेली पत्रे आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या बहिणीची आहेत. वडील आता हयात नाहीत. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ह्या पत्रांची दुसरी प्रत बहुधा जगात कोठेही नाही. त्या काळी टपाल-सेवकावर, म्हणजे पत्रे स्वीकारून ठेवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, प्रत्येकास जागा थोडी असे. पत्र घरच्या संगणकावर उतरवून घेतले की तेथील प्रत पुसून टाकण्याचीच पद्धत होती. जे काही उरले ते घरच्या फोल्डरात.

ई-मेलचे पत्र मुळात अगदी साधे असते. त्याची रचना १९८२ मध्ये ठरविण्यात आली आणि तिचा सांगाडा अद्याप कायम आहे. आरंभी मथळा: पाठविणारा कोण, कोणास, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी, विषय काय. शिवाय प्रत्येक पत्रास एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि उत्तराच्या मथळ्यात मूळ पत्राचा ओळखक्रमांक नमूद केलेला असतो. त्यामुळेच प्रश्नाला उत्तर आणि उत्तराला प्रत्युत्तर अशी साखळी जुळविता येते. मथळ्यानंतर एक कोरी ओळ आणि कोऱ्या ओळीनंतर मजकूर. हे सारे इंग्रजी वर्णमाला, अंक व विरामचिन्हे यांत बसविलेले असे. चित्रे, ध्वनी व अन्य लिप्या ह्या सांगाड्यात नेण्याची सोय १९९२ मध्ये नेड फ्रीड व नथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी सिद्ध केलेल्या माइम ह्या पद्धतीने झाली.

पत्र असे साधे असताना घोटाळा कोठे होतो? तो पत्रे एकत्र बांधताना होतो.

सर्वांत जुनी व आजही प्रचलित असलेली बांधणी एमबॉक्स ह्या नावाने ओळखली जाते. एका फोल्डरातील सर्व पत्रे एकाच फाईलीत, एकापुढे एक, अखंड लिहिलेली असतात. नवे पत्र कोठे सुरू झाले हे कळावे म्हणून प्रत्येकाच्या आधी ‘फ्रॉम’ ह्या इंग्रजी शब्दाने व त्यानंतरच्या मोकळ्या जागेने आरंभ होणारी एक ओळ घालतात. युक्ती सुटसुटीत आहे. पण हा शब्द इंग्रजीत नित्याचा. ‘पुण्याहून मी परवा निघेन’ हे वाक्य कोणी इंग्रजीत लिहिले, तर त्याची पहिली शब्दयोजना नेमकी तीच असण्याचा संभव आहे, आणि ते वाक्य ओळीच्या आरंभी पडले की वाचणारी आज्ञावली तेथे पत्र तोडते! एका पत्राची दोन होतात, दुसऱ्या तुकड्याला ना प्रेषक ना तारीख. ह्यावर उपाय म्हणून अशा ओळीपूर्वी बाणाच्या टोकासारखे एक चिन्ह घालू लागले. मात्र कोणत्या आज्ञावलीने ते घालावे, कोणी ते वाचताना काढून टाकावे, आधीच चिन्ह असलेल्या ओळीचे काय करावे, ह्याविषयी एकमत झाले नाही. परिणामी एमबॉक्स ह्या एकाच नावाखाली परस्परांशी थोड्याथोड्या न जुळणाऱ्या चारएक पद्धती नांदत आहेत. नाव एक आणि घराणी अनेक, हा प्रकार संगीतात शोभतो. साठवणीच्या शास्त्रात नव्हे.

पाइनची गोष्ट आणखी निराळी. ती फोल्डराच्या आरंभी स्वतःसाठी एक टिपण पत्राच्या रूपात लिहून ठेवीत असे, आणि हे पत्र पुसू नये अशी सूचना त्याच्या विषयातच असे. पाइनमध्ये ते दिसत नसे. तीच फाईल दुसऱ्या आज्ञावलीने उघडली की ते पत्र म्हणून पुढे येते. फोल्डरातील पत्रे मोजताना एकाची वाढ निघाली तर तिचे कारण पुष्कळदा हेच असते, आणि मोजणाऱ्यास ते ठाऊक नसेल तर तो उगाच बुचकळ्यात पडतो.

पत्रे एका लांब फाईलीत असल्यावर हजारावे पत्र शोधण्यासाठी आरंभापासून वाचीत जाणे परवडत नाही. म्हणून बहुतेक आज्ञावल्या शेजारी अनुक्रमणिकेची दुसरी फाईल ठेवतात: कोणते पत्र कितव्या बाइटपासून सुरू होते, ते वाचले की नाही, उत्तर दिले की नाही. स्थलांतराच्या वेळी ही अनुक्रमणिका न्यावी की सोडावी? उत्तर आज्ञावलीगणिक बदलते. थंडरबर्डमध्ये ती टाकून दिली तरी बहुधा बिघडत नाही. ‘वाचलेले’, ‘पुसलेले’ ह्या खुणा पत्राच्या मथळ्यातही लिहिलेल्या असतात, व मूळ फाईल वाचून नवी अनुक्रमणिका तयार होते. यूडोरात तसे नव्हते. तेथे ह्या खुणा अनुक्रमणिकेतच असत. ती हरवली की पत्रे राहत, पण कोणते वाचले, कोणास उत्तर दिले, ह्याचा पत्ता राहत नसे.

ह्यातूनच एक चमत्कारिक प्रसंग ओढवतो. एमबॉक्स पद्धतीत पुसलेले पत्र लगेच नाहीसे होत नाही. लांब फाईलीतून मधलाच तुकडा काढावयाचा तर पुढील सर्व मजकूर मागे सरकवावा लागेल. म्हणून आज्ञावली त्यावर फक्त ‘पुसले’ अशी खूण करते आणि सवडीने, फोल्डर आवळताना, ते खरोखर काढते. फोल्डर न आवळता फाईल जशीच्या तशी दुसऱ्या आज्ञावलीकडे नेली, आणि तिला पहिलीची खूण कळत नसली, तर दहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात पुसलेली पत्रे पुन्हा ओळीने उभी राहतात. कोणास हा लाभ वाटेल, कोणास नाही. परंतु स्थलांतरापूर्वी फोल्डर आवळावा की न आवळावा, हा निर्णय जाणूनबुजून घेण्यासारखा आहे. तो आज्ञावलीवर सोपवू नये.

यूडोरा ही आज्ञावली स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रचली. टपालकचेरीत राहावयास जाणाऱ्या बाईची कथा लिहिणाऱ्या यूडोरा वेल्टी ह्या लेखिकेवरून तिचे नाव पडले. पुढे ती क्वालकॉम कंपनीकडे गेली. त्या कंपनीने २००६ मध्ये तिचा विकास थांबविला, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने तिची मूळ संहिता सर्वांसाठी प्रसिद्ध केली. म्हणजे ही आज्ञावली आता पुराणवस्तूंत जमा झाली. तिच्यात ठेवलेली पत्रे मात्र लोकांच्या जवळ आहेतच. यूडोराचे वैशिष्ट्य असे, की पत्रासोबत आलेले जोडपत्र, ज्यास व्यवहारात अटॅचमेंट म्हणतात, ते ती पत्रातून वेगळे काढून निराळ्या फोल्डरात ठेवी आणि पत्रात एवढीच एक ओळ राखी, की अमुक नावाचे जोडपत्र अमुक तबकडीवर अमुक जागी आहे. जुन्या, लहान तबकड्यांच्या काळी ही व्यवस्था सोयीची होती. पण पत्रांचा फोल्डर नव्या संगणकावर नेला आणि जोडपत्रांचा जुन्यावरच राहिला, की ती ओळ पाडलेल्या वाड्याच्या पत्त्यासारखी होते. दोन्ही फोल्डर नेले, पण तबकडीचे नाव बदलले, तरीही तोच प्रकार. बहिणीच्या पत्रात ‘सोबत बाळाचा फोटो आहे’ हे वाक्य उरते. फोटो कोणता, ते कळत नाही. अशा ओळी वाचून जोडपत्रे पुन्हा पत्रांत बसविणारी साधने आहेत, आणि ती चालतातही. अट एकच: जोडपत्रांचा जुना फोल्डर, त्यातील एकाही फाईलीचे नाव न बदलता, हाताशी असला पाहिजे.

आउटलुकची तऱ्हा ह्याहून वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या ह्या आज्ञावलीत पत्रे, पत्ते, दिनदर्शिका सर्व काही एकाच मोठ्या फाईलीत साठते. ती फाईल साध्या मजकुराची नसल्यामुळे मजकुरासारखी उघडून वाचता येत नाही. १९९७ पासून २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिचा आकार २ गिगाबाइट ह्या मर्यादेत राहणे आवश्यक होते. ही संख्या लहरीने ठरलेली नव्हे. फाईलीतील जागा दर्शविण्यासाठी ठराविक लांबीचा द्विमान आकडा वापरला, की त्याने जास्तीत जास्त किती दूरचे ठिकाण दाखविता येईल हे ठरून जाते. येथे ती सीमा २,१४,७४,८३,६४८ बाइटांची होती. सीमा ओलांडली गेली की फाईल उघडेनाशी होई. २००३ च्या आवृत्तीत नवी, कितीतरी मोठी फाईल आली. तथापि पुष्कळांच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी, की नव्या आवृत्तीत जुनी फाईल उघडल्याने ती नवी होत नसे. जुन्या मर्यादेसह ती तशीच चाले. नवी रिकामी फाईल मुद्दाम करून जुन्यातील पत्रे तीत हलवावी लागत. आवृत्ती बदलणे आणि साठवण बदलणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

आउटलुक एक्सप्रेस ही नावाने आउटलुकची बहीण वाटली, तरी तिची फाईलरचना तिसरीच. विंडोजच्या २००७ मधील व्हिस्टा आवृत्तीत तिची जागा विंडोज मेलने घेतली, व तेथे प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाईल होऊ लागली. एक पत्र, एक फाईल ही पद्धत साठवणीच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक म्हटली पाहिजे. एका फाईलीस इजा झाली तर एकच पत्र जाते.

येथवर सांगितलेल्या अडचणी जगातील कोणाही पत्रलेखकाच्या वाट्यास येतात. मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक आहे, आणि ती सर्वांत बिकट आहे.

अक्षर संगणकात आकड्याच्या रूपाने राहते. कोणत्या आकड्यास कोणते अक्षर समजावयाचे, हा निव्वळ संकेत. देवनागरीसाठी असा संकेत भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ह्या नावाने ठरविला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीस स्वतंत्र जागा मिळाली. पण घरोघरच्या संगणकांवर युनिकोडची मराठी सहजपणे दिसू व लिहिता येऊ लागण्यास पुढे दहाएक वर्षे लागली. मधल्या काळात लोकांनी दोन मार्ग काढले. एक, मराठी रोमन लिपीत लिहिणे. अशी पत्रे वाचताना डोळ्यांस त्रास होतो, परंतु स्थलांतरात त्यांना काहीही होत नाही. दुसरा, विशिष्ट फॉन्ट वापरणे. ह्यात युक्ती अशी असे, की संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच राही. फक्त इंग्रजी अक्षरांच्या व युरोपीय चिन्हांच्या जागी फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे चितारलेले असत. शिवाजी, श्रीलिपी, पुण्याच्या सी-डॅकचा सुरेख अशा अनेक फॉन्टांत मराठीचे टंकलेखन झाले आणि प्रत्येकाची वाटणी निराळी होती. प्रेषक व वाचक या दोघांजवळ एकच फॉन्ट असला की पत्र मराठी. नसला की निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग.

ह्या पद्धतीत अक्षरांचा क्रमही कागदावर दिसेल तसा असे. ‘किती’ हा शब्द घ्या. डोळ्यास प्रथम ऱ्हस्व वेलांटी दिसते, मग क. मराठी टंकलेखन यंत्रावर वेलांटीची कळ आधी दाबीत, तशीच ती फॉन्टमध्येही आधी साठविली जाई. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे: आधी क, नंतर वेलांटी. ‘अर्थ’ ह्या शब्दात उलटा प्रकार होतो. रफार दिसतो थच्या डोक्यावर, म्हणून फॉन्टमध्ये तो थनंतर. युनिकोडमध्ये र्‌ आधी, कारण उच्चार आधी. तेव्हा जुन्या फॉन्टातील पत्र युनिकोडमध्ये आणणे म्हणजे केवळ आकड्यास आकडा लावणे नव्हे. शब्दातील अक्षरांची पुनर्मांडणी करावी लागते, आणि ती करणाऱ्या साधनास मूळ फॉन्ट कोणता होता हे सांगावे लागते.

हे सर्व साध्य आहे. मात्र मूळ आकडे शाबूत असतील तर. खरा धोका येथेच आहे. नवी आज्ञावली फोल्डर आत घेताना कित्येकदा सर्व पत्रे युनिकोडमध्ये उतरविते. पत्र ‘इंग्रजी’ आहे असे मथळ्यात लिहिलेले, किंवा काहीच लिहिलेले नाही. एका प्रचलित युरोपीय संकेतात १२८ ते १५९ ह्या ३२ आकड्यांना कसलेही दृश्य चिन्ह नाही. मराठी फॉन्टांनी मात्र ह्या जागांचाही उपयोग करून घेतला होता. हे आकडे निरुपयोगी समजून एखादी आज्ञावली ते गाळते, किंवा त्या जागी प्रश्नचिन्ह घालते. पत्र पडद्यावर पूर्वीही अगम्य दिसत होते, आताही अगम्यच दिसते. फरक डोळ्यांस जाणवत नाही. पण पूर्वीचे अगम्य पत्र योग्य फॉन्ट मिळताच वाचता आले असते. आताचे कधीही वाचता येणार नाही. मोडीतील कागद वाचणारा मिळेपर्यंत शेकडो वर्षे थांबतो. ज्याची काही अक्षरेच झडून गेली आहेत, तो कागद वाचणारा मिळूनही मुका राहतो.

अस्सल युनिकोडमध्ये लिहिलेल्या पत्रांसही एकदा हा फटका बसत असे. आउटलुकची २००३ पूर्वीची फाईल अनेक लिप्यांसाठी रचलेलीच नव्हती. नव्या फाईलीतील मराठी पत्रे जुन्या प्रकारच्या फाईलीत परत नेली, तर देवनागरी विषयांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. पुढे तीच फाईल नव्या आवृत्तीत उघडली, तरी प्रश्नचिन्हे प्रश्नचिन्हेच राहत.

आणखी एक लहानशी गोष्ट. युनिकोडमधील मराठी पत्र टपालाच्या जुन्या सांगाड्यात बसविण्यासाठी त्याचे पुन्हा इंग्रजी अक्षरांत रूपांतर केलेले असते. ‘कुशल’ हा शब्द युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत १२ बाइट घेतो, व टपालासाठी त्याची १६ अक्षरे होतात. म्हणून फोल्डराची फाईल साध्या मजकुरासारखी उघडून तीत ‘कुशल’ शोधले, तर ते सापडत नाही. न सापडल्याने पत्र गेले असे मानण्याचे कारण नाही. ते केवळ वेष पालटून बसलेले असते.

मग पत्रे न्यावी कशी? सर्वांत सोपा मार्ग दोन्ही आज्ञावल्यांना समजणाऱ्या मध्यस्थाचा. आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे सुरू केली. तीत पत्रे मध्यवर्ती सेवकावरच राहतात आणि कोणतीही आज्ञावली ती तेथे वाचू शकते. जुन्या आज्ञावलीतून फोल्डर सेवकावर चढवावा, नव्या आज्ञावलीतून उतरवावा. दोघींना परस्परांची फाईलरचना कळण्याची गरजच उरत नाही. मात्र चढविताना पोहोचीची तारीख जपली जात आहे ना, ते पाहावे. पत्राच्या मथळ्यातील तारीख सुरक्षित असते. पण सेवक आपल्याकडे पत्र केव्हा आले ह्याची वेगळी नोंद ठेवतो, आणि काही आज्ञावल्या चढविताना जुनी नोंद सांगतच नाहीत. मग १९९९ ची सर्व पत्रे स्थलांतराच्या दिवशीच आल्यासारखी एका तारखेखाली गोळा होतात. अशा वेळी घाबरून न जाता पत्रांची मांडणी मथळ्यातील तारखेप्रमाणे करावी, म्हणजे क्रम पुन्हा लागतो. फोल्डरांच्या नावात तिरकी रेघ किंवा पूर्णविराम असल्यास ते आधी बदलावे; कित्येक सेवक ह्या चिन्हांचा अर्थ ‘पोटफोल्डर’ असा करतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या जीमेलमध्ये तर मुळात फोल्डर नाहीतच. एकाच पत्रास अनेक चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि ते उतरविताना प्रत्येक चिठ्ठीमागे त्याची एकेक प्रत होऊ शकते. अशा जादा प्रती ओळखक्रमांकावरून निवडून काढता येतात.

हे काम झाल्यावर मोजणी हवी, आणि ती फोल्डरवार हवी. एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानणे बरे नव्हे. एका फोल्डरात तुटून वाढलेली दोन पत्रे व दुसऱ्यातून गळालेली दोन मिळून बेरीज बरोबर येते. प्रत्येक फोल्डरातील पहिले, शेवटचे व मधले कोणतेही पाचदहा पत्र उघडून पाहावे. त्यांत निदान एक जुन्या मराठी फॉन्टातील असावे, व निदान एक जोडपत्रासह असावे.

कायद्यानेही ह्या गोष्टीची दखल घेतली आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्यातील कलम ७ अन्वये, जेथे दस्तऐवज जपणे बंधनकारक आहे तेथे तो संगणकीय रूपात जपला तरी चालतो. पण तो पुढेही वाचता आला पाहिजे. मूळ रूपात किंवा मूळ मजकूर अचूक दर्शविणाऱ्या रूपात असला पाहिजे. आणि तो कोठून निघाला, कोठे गेला, केव्हा पाठविला वा पोहोचला हा तपशील त्यासोबत असला पाहिजे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे व्यापारी व सरकारी कागद होते. परंतु घरगुती पत्रांसाठीही ह्याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही.

शास्त्राच्या इतिहासकारांचा ह्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २०१९ मध्ये समकालीन भारतीय विज्ञानाच्या इतिहासासाठी एक सार्वजनिक अभिलेखागार सुरू झाले. १९९० नंतर काम केलेल्या संशोधकाचा पत्रव्यवहार मुख्यतः ई-मेलनेच झालेला असणार; प्रयोग फसला तेव्हा सहकाऱ्यास काय लिहिले, कल्पना प्रथम कोणास सुचली, हे तेथेच सापडावयाचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अशा संग्रहांची छाननी करण्यासाठी ई-पॅड नावाची आज्ञावली तयार केली आहे. पण छाननी पुढची. आधी संग्रह वाचता येण्याच्या स्थितीत हाती यावयास हवा, आणि ते निवृत्त होणाऱ्या शास्त्रज्ञाच्या मेजावरील जुन्या संगणकावर अवलंबून असते.

म्हणूनच ह्या कामास वेळेची मर्यादा आहे. जुनी आज्ञावली जुन्या संगणकावर चालत आहे तोवर बहुतेक प्रश्न सुटतात: फोल्डर आवळता येतो, खुणा पाहता येतात, फॉन्टचे नाव कळते. संगणक बंद पडल्यावर उरतात त्या नुसत्या फाईली आणि तर्क. नव्या आवृत्तीने एकदा हाताळलेला संग्रह जुनीकडे परत नेणेही सहसा साधत नाही. थंडरबर्डने तर २०१९ पासून अशा उलट्या प्रवासास स्वतःच अटकाव केला आहे, आणि ते योग्यच केले.

सांगलीच्या त्या गृहस्थाने, तेव्हा, प्रथम जुन्या फोल्डरांची, जोडपत्रांच्या फोल्डरासह व अनुक्रमणिकांसह, जशीच्या तशी प्रत दोन निरनिराळ्या तबकड्यांवर घ्यावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. सर्व रूपांतरे दुसऱ्या प्रतीवर करावी. वडिलांची पत्रे ज्या फॉन्टात होती, त्या फॉन्टची फाईलही त्याच तबकडीवर ठेवावी. ती सहसा विसरली जाते. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, फॉन्टचे नाव, प्रत घेतल्याचा दिवस आणि प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या ही एका कागदावर शाईने लिहून तो कागद तबकडीबरोबर त्याच पाकिटात ठेवावा.